वसतिगृहातली वजनवाढ आणि व्याख्यानाचा उतारा

शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या तरुणांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत वाढते आणि आरोग्यपूर्ण जीवनशैलीचे शिक्षण दिले की ही वाढ थांबते, असे मत विद्यापीठांच्या वर्तुळात पक्के बसले आहे. यातला पहिला भाग बव्हंशी खरा आहे. दुसरा भाग तपासाला टिकत नाही. विद्यार्थ्याला माहिती नसते म्हणून त्याचे वजन वाढते, हे त्यामागचे गृहीतच चुकीचे आहे. वजन ठरते ते ताटात काय पडते, किती वाजता पडते, झोप किती मिळते आणि हातपाय हलवायला जागा कुठे आहे यांवर. या चारांपैकी बहुतेक गोष्टी संस्था ठरवते आणि त्यांचा हिशेब मात्र विद्यार्थ्याकडे मागितला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना पत्र पाठवून आवारातल्या जंक फूडच्या विक्रीवर बंदी घालायला आणि विद्यार्थ्यांमध्ये आहाराविषयी जागृती करायला सांगितले. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच सूचनेचे स्मरणपत्र काढावे लागले. स्मरणपत्राची वेळ का आली, हे पत्रातल्या दोन कामांकडे पाहिले की कळते. एक काम कॅन्टीनचे होते. त्यासाठी कंत्राट बदलावे लागते, दर नव्याने ठरवावे लागतात, ठेकेदाराशी वाद घालावा लागतो, प्रसंगी उत्पन्नावर पाणी सोडावे लागते. दुसरे काम बोलण्याचे होते. त्याला एक पाहुणा, एक सभागृह आणि एक फलक पुरतो. बहुतेक ठिकाणी दुसरे काम पार पडले आणि पहिले मागे राहिले. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि महाराष्ट्रात पदवीच्या रचनेत आरोग्य, योग, क्रीडा असे दोन-दोन श्रेयांकांचे सहअभ्यासक्रमही बसवले गेले. असे अभ्यासक्रम असण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्यांना वजनवाढीवरचा उपाय म्हणण्याला आणि ते सुरू केले की संस्थेची जबाबदारी संपली असे मानण्याला.

वजन नेमके किती वाढते, हे आधी पाहायला हवे, कारण या विषयात भीतीच जास्त विकली जाते. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे वजन पंधरा पौंडांनी, म्हणजे जवळजवळ सात किलोंनी वाढते, असा समज गेली तीन-साडेतीन दशके रूढ आहे. २०१५ मध्ये ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी वाढ १.३६ किलो निघाली. ज्यांचे वजन वाढले असे विद्यार्थी सुमारे ६१ टक्के होते आणि त्यांची सरासरी वाढ ३.३८ किलो होती. पंधरा पौंड वाढलेले विद्यार्थी दहातून एकही नव्हते. त्याआधी २०११ मध्ये तिथल्याच एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या आकडेवारीवरून असे दिसले होते की महाविद्यालयात गेलेल्या आणि न गेलेल्या समवयस्कांच्या वजनवाढीतला फरक जेमतेम अर्ध्या पौंडाचा आहे. मग काळजीचे कारणच नाही का? आहे. अठरा ते पंचवीस या वयात चढलेले दोन-तीन किलो सहसा उतरत नाहीत आणि त्यांवर पुढच्या प्रत्येक वर्षाचा थर चढतो. पण ही वाढ हळू, थोडी आणि रोजची आहे. वर्षातून एकदा होणाऱ्या जागृती सप्ताहाने ती पकडली जात नाही.

आता शिक्षणाच्या परिणामाकडे वळू. हा प्रश्न मतांवर सोडण्यासारखा नाही, कारण त्याचे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांत १,६८९ विद्यार्थ्यांवर केलेल्या एका प्रयोगात अर्ध्या विद्यार्थ्यांना आहार, व्यायाम आणि ताण यांवरचे दहा धडे इंटरनेटवरून दिले गेले. धडे घेणाऱ्यांचे फळे-भाज्या खाणे वाढले. वजनात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही. मिनेसोटा राज्यातल्या ४४१ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग याहून दमदार होता. त्यात एका श्रेयांकाचा रीतसर अभ्यासक्रम होता आणि त्यानंतर संकेतस्थळावरून पाठपुरावा होता; सारे मिळून दोन वर्षे. तरीही सरासरी बॉडी मास इंडेक्समध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या मापात, दोन गटांत लक्षणीय अंतर दिसले नाही. जास्त वजन असलेल्यांचे प्रमाण तेवढे काहीसे घटले. शिक्षणाच्या बाजूने नेहमी सांगितला जातो तो आयोवामधला २००१ चा अभ्यास. पोषणशास्त्राचा एका सत्राचा पाठ्यक्रम घेतलेल्या मुलींपैकी ज्यांचे वजन मुळात जास्त होते, त्यांचे ते वर्षभरानंतरही स्थिर राहिले आणि तुलनेच्या गटातल्या तशाच मुलींचे खूप वाढले. अभ्यास खरा आहे आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. पण त्यातल्या मुली होत्या अवघ्या चाळीस, आणि ज्या उपगटात परिणाम दिसला त्यातल्या तर बोटांवर मोजण्याइतक्या. एवढ्याशा पायावर देशभराचे धोरण उभे करता येत नाही.

जे उपाय खरोखर चालले, ते कसे होते हेही पाहण्यासारखे आहे. कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड लेवित्स्की यांनी पहिल्या वर्षाच्या मुलींना वजनकाटे दिले, रोज वजन करायला सांगितले आणि त्या आकड्यांचा कल त्यांना कळवत राहिले. त्या मुलींचे वजन जवळपास होते तिथेच राहिले, काटा न मिळालेल्यांचे वाढले. १८ ते ३५ वयाच्या ५९९ जणांवरच्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सुरुवातीच्या चार महिन्यांत दहा बैठका, मग रोज वजन, वाढ दिसली की लगेच खाण्यात दुरुस्ती, असा त्याचा क्रम होता. सरासरी तीन वर्षांनंतर तुलनेच्या गटाचे वजन पाव किलोने वाढलेले होते, रोजच्या लहान बदलांवर भर देणाऱ्या गटाचे अर्ध्या किलोहून थोडे अधिक घटले होते आणि सुरुवातीलाच मोठा बदल करणाऱ्यांचे सुमारे २.४ किलोंनी. याला कोणी शिक्षण म्हणत असेल तर जरूर म्हणावे. पण हे माणसागणिक केलेले, सातत्याचे, मोजमापाचे काम आहे. तीनशे विद्यार्थ्यांना तासभर बसवून प्रथिने-कर्बोदके समजावणे आणि हे, या दोन गोष्टींना एकच नाव देऊन एकीचे यश दुसरीच्या खात्यावर मांडणे ही दिशाभूल आहे.

लेवित्स्की यांच्याच २००४ च्या अभ्यासात पहिल्या बारा आठवड्यांत विद्यार्थ्यांचे वजन सरासरी १.९ किलोंनी वाढले होते. ही वाढ कशाशी जुळते हे पाहिल्यावर सर्वांत वर आली ती मनाला येईल तेवढे वाढून घेण्याची सोय असलेली भोजनगृहे आणि त्यानंतर येता-जाता तोंडात टाकायचे पदार्थ. विद्यार्थ्यांचे ज्ञान किती, हा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही. माहितीने वजन राखले जात असते, तर वैद्यकीय महाविद्यालयांत ही अडचण दिसायला नको होती. शरीर, चयापचय आणि मधुमेह यांविषयी त्या मुलामुलींइतके कोणाला ठाऊक असते? तरीही देशभरातल्या अनेक पाहण्यांत जास्त वजनाचे वैद्यकीय विद्यार्थी आढळतात, कारण त्यांची मेस, रात्रीची जागरणे आणि ड्यूटी इतरांसारखीच किंवा इतरांहून वाईट असते.

पुण्यातली खानावळ जवळून पाहिली की हे यंत्र कसे चालते ते दिसते. सदाशिव, नारायण किंवा नवी पेठेत खोली घेऊन राहणारा विद्यार्थी महिन्याचे पैसे आगाऊ भरून मेस लावतो. मेस म्हणजे दोन वेळचे जेवण. सकाळचा नाश्ता त्यात नसतो. पहिले प्रॅक्टिकल साडेसात-आठला आणि मेस उघडणार अकरानंतर. म्हणून दिवसाचे पहिले खाणे दहाच्या सुट्टीत, कॅन्टीनमध्ये, वडापाव आणि चहा. जेवणात पोळी, भात, पातळ आमटी, एक सुकी आणि एक रस्सा भाजी. आठवड्यातले बरेच दिवस दोन्हींपैकी एकीत बटाटा ठरलेला, कारण तो स्वस्त पडतो, टिकतो आणि पातेले भरतो. रश्श्यावर तेलाचा तवंग, कारण तेल कमी झाले की चव गेली आणि चव गेली की मुले दुसरी मेस लावतात. कोशिंबिरीच्या नावाने काकडीच्या दोन चकत्या नाहीतर कांदा-लिंबू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे. या ताटात पोट भरायचे तर ते पोळी-भातानेच भरावे लागते. डाळ, उसळ, दही, अंडे यांचा वाटा इतका कमी असतो की रात्री आठला जेवलेला मुलगा साडेदहाला पुन्हा भुकेला असतो, आणि त्या वेळी उघडे असते ते फक्त गाडीवरचे.

रविवारची रीत वेगळी. दुपारी फीस्ट: पुऱ्या, मसालेभात, छोले किंवा पनीर, गुलाबजाम नाहीतर श्रीखंड. संध्याकाळी मेस बंद. दोन वेळचे पैसे एका ताटात वसूल करायचे म्हणून दुपारी पोटाला तड लागेपर्यंत जेवण होते, मग झोप, आणि रात्री दहाला चायनीजच्या गाडीवर शेजवान राईस. खाड्याचा नियमही असाच काम करतो. अनेक मेसमध्ये सलग काही दिवस आधी कळवून गेले तरच खाड्याचे पैसे वळते होतात. एका वेळी भूक नाही म्हणून जेवण सोडले तर ते पैसे बुडाले. पैसे भरलेले आहेत म्हणून भूक नसताना जेवणारा हा मुलगा अडाणी नाही. गावाकडून येणाऱ्या मोजक्या पैशांत तो अगदी शहाणपणाने वागतो आहे. त्याला भुकेपुरतेच खावे हा धडा देण्याआधी खाड्याचा नियम बदलायला हवा.

चहाचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. कॅन्टीनच्या कपात दोन चमचे साखर, म्हणजे आठ ते दहा ग्रॅम, सहज असते. दिवसाला पाच कप झाले तर चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा सुमारे ५० ग्रॅम सांगितली आहे आणि ती २५ वर आणली तर उत्तम, असेही म्हटले आहे. बिस्किटे, क्रीमरोल आणि शीतपेय हे त्यावर वेगळे. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले आणि आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांसाठी तेल-साखरेच्या फलकांची सूचना केली. फलकाने साखर कमी होत नाही. चहावाल्याने बिनसाखरेचा चहा उकळून साखर वेगळी ठेवली, तर त्याच दिवशी होते.

कॅन्टीनच्या दरफलकावर जे नसते तेच खरे वाचण्यासारखे असते. वडापाव, समोसा, मिसळ, पॅटिस, मॅगी, सँडविच, चहा, कॉफी, कोल्ड्रिंक. केळे नसते. ताक क्वचित असते. उकडलेले अंडे, मोड आलेल्या कडधान्याची वाटी, शेंगदाणा-गूळ यांतले काहीच नसते. हे पदार्थ महाग आहेत असे नाही. केळे दोन दिवसांत काळे पडते, ताकाला फ्रीज लागतो. समोशाचे सारण मात्र सकाळी एकदा करून ठेवले की दिवसभर तळता येते. ठेकेदाराच्या सोयीने ठरलेल्या या यादीतून निवड करायची आणि मग चुकीच्या निवडीचा दोषही घ्यायचा, अशी विद्यार्थ्याची स्थिती आहे.

अन्नाच्या स्वरूपाचा परिणाम इच्छाशक्तीला जुमानत नाही, याचा पुरावा २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेल्या प्रयोगातून मिळाला. वीस प्रौढांना संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न दिले गेले. वाढलेल्या ताटांतली साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ, तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. दुसऱ्या अन्नावर ते तेवढेच उतरले. माणसे तीच, त्यांची माहिती तीच, बदलले फक्त ताट.

झोपेची गोष्टही अशीच आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात दोन रात्री चारच तास झोपू दिल्यावर, दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत, तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भूक जवळपास पावपटीने वाढली. ओढ विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची होती. त्याच विद्यापीठातला २०२२ चा प्रयोग उलट दिशेने झाला. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० तरुण प्रौढांपैकी ज्यांना झोप वाढवायला मदत केली, ते आहाराविषयी एक शब्दही न ऐकता तुलनेच्या गटापेक्षा रोज सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले. आता याच्याशेजारी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे सत्रअखेरचे दोन आठवडे ठेवावेत. जर्नल, सबमिशन, ओरल आणि प्रॅक्टिकल परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात, लेखी परीक्षेचे वेळापत्रक उशिरा लागते, पुढे ढकलले जाते. रात्र जागून फाइल पूर्ण करणाऱ्या मुलीला आठ तास झोपण्याचे महत्त्व सांगणारा तक्ता त्याच विभागाच्या भिंतीवर असतो. तो तक्ता खरे बोलतो; वेळापत्रक त्याला बोलण्यापुरताच ठेवते.

व्यायामाबाबत देशाचे चित्र बरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक मुलींच्या अज्ञानातून आलेला नाही. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी लवकर बंद होते. मैदान मुलांच्या क्रिकेटने भरलेले असते. व्यायामशाळा असली तर तिची वेळ आणि तिथली गर्दी मुलीला परत पाठवते. सकाळी धावायला जायचे तर रस्त्यावर दिवे नाहीत. जिन्याने चढा, चालत जा, हा सल्ला या मुलीने शंभर वेळा ऐकलेला असतो. संध्याकाळी सहा ते साडेसात मैदानाचा एक भाग मुलींसाठी राखला, तिथे दिवे लावले आणि फाटकाची वेळ दीड तासाने पुढे नेली, तर कोणत्याही भाषणाशिवाय तिथे मुली दिसतील.

मुळात वजन हे एकच माप धरणे भारतीय तरुणांच्या बाबतीत फसवे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा मुद्दा २००४ मध्ये जगासमोर ज्या तऱ्हेने मांडला ती विसरता येत नाही. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही भारतीय ठेवण गर्भातल्या पोषणापासून घडत येते, हे पुण्यातल्या संशोधनाने दाखवले. म्हणूनच भारतीयांसाठी २००९ मध्ये बॉडी मास इंडेक्सनुसार जास्त वजनाची मर्यादा २३ आणि लठ्ठपणाची २५ अशी खाली आणली गेली आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे ठरले. आरोग्य शिबिरात काट्यावर उभे राहून नॉर्मल असा शेरा घेऊन जाणारा बारीक मुलगा निर्धास्त होतो. त्याच्या पोटावर चढलेली चरबी कोणी मोजत नाही.

याच वसतिगृहात दुसरी मुले राहतात, ज्यांना कमी खा हा सल्ला घातक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते आणि २०.८ टक्के स्त्रियांचे गरजेपेक्षा कमी. देशात १५ ते १९ वयोगटातल्या मुलींत तर कमी वजनाच्या सुमारे ४० टक्के होत्या. एका खोलीतल्या तीन खाटांवर एकीचे वजन वाढते आहे, दुसरीला रक्त कमी आहे, तिसरी ठीक आहे, असे हे वास्तव आहे. तिघींना एकत्र बसवून वजन कमी ठेवण्याचे शिक्षण दिले की दुसरी मुलगी रात्रीचे जेवण सोडते, आणि पहिली चारचौघांत काट्यावर उभी राहायला लागू नये म्हणून पुढच्या शिबिराला येतच नाही. शरीराची लाज वाटणे हा वजन राखण्याचा उपाय नाही. ताटात डाळ, भाजी, अंडे, दही वाढले तर तिघींचेही भले होते. व्याख्यानात तिघींसाठी तीन वेगळी वाक्ये लागतात.

ताटात काय पडते यावर सारे ठरते, हे विद्यार्थ्यांना पुरते कळते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत २०१८ मध्ये मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात देण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलै महिन्यात शेकडो आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. त्यांची मागणी सरळ होती: पैसे नकोत, शिजवलेले जेवण द्या. पैसे हाती आले की ते पुस्तकाला, फॉर्मच्या फीला, घरच्या अडचणीला जातात आणि जेवण वडापाववर येते, हे त्यांना कोणत्याही आहारतज्ज्ञाहून नीट ठाऊक होते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांत मूळ भोजन भत्ता वर्षाला ३२,००० रुपये धरला होता. दिवसाला नव्वद रुपयेही पडत नव्हते. त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता, फळ आणि दूध कसे बसवायचे, हे शिकवणारा अभ्यासक्रम अजून कोणी लिहिलेला नाही.

या मांडणीवर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा की आवारात काहीही केले तरी फाटकाबाहेर गाडी आहेच. आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतीच्या ५० मीटरांत अतिस्निग्ध, अतिगोड, अतिखारट पदार्थांची विक्री रोखली, पण ते नियम शाळकरी मुलांसाठी आहेत आणि प्रौढ विद्यार्थ्यांना तसे कुंपण घालणे योग्यही नाही. इथे बंदीची गरज नाहीच. रात्री साडेदहाला गाडीवर जाणाऱ्या मुलांना वसतिगृहाच्या मेसमध्ये त्याच वेळी गरम खिचडी आणि ताक मिळाले, तर त्यातली अनेक मुले बाहेर जाणार नाहीत. जी जातील ती रोज जाणार नाहीत. रोजच्या दोनशे-तीनशे कॅलरींचा प्रश्न असताना एवढा फरक पुष्कळ असतो.

दुसरा आक्षेप वैयक्तिक जबाबदारीचा. अठरा वर्षांचा माणूस मतदान करतो, मग काय खावे हे त्याने का ठरवू नये? त्याने जरूर ठरवावे. पण जबाबदारी ही निवडीला चिकटलेली असते. वसतिगृहाच्या खोलीत शेगडी लावायला बंदी, मेस सक्तीची, तिचे पैसे आगाऊ, तिच्या वेळा ठरलेल्या, आवारातले कॅन्टीन एकच: अशा ठिकाणी निवड करणारी संस्था असते. जबाबदारीही मग तिच्याकडेच जाते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. मेसचा महिन्याचा दर शंभर रुपयांनी वाढला तरी काही मुले मेस सोडतात, हे खरेच आहे. म्हणून बदल करताना महाग पदार्थांच्या मागे लागू नये. ओट्स, ऑलिव्ह तेल, आयात फळे यांची काही गरज नाही. मटकी, हरभरा, चवळी मोड आणून, शेपू-मेथी-अंबाडी हंगामात, ज्वारीची भाकरी आठवड्यातून तीनदा, ताक रोज. तेलाची बचत यातल्या बऱ्याच गोष्टींचा खर्च भागवते.

मग शिक्षणाला जागा कुठे? ती आहे आणि मोलाची आहे, फक्त त्या शिक्षणाने करायला शिकवले पाहिजे. याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि शेतीपासून स्वयंपाकापर्यंतची कामे स्वतः करत. ती व्यवस्था गरिबीतून आली होती आणि तिचे ध्येय वजन राखणे हे कधीच नव्हते. पण अन्न पिकवण्यापासून ते शिजवण्यापर्यंतचे ज्ञान मुलाच्या हातात असावे, हा विचार तिच्यात होता. आजच्या दोन श्रेयांकांत एवढे तरी नक्की बसते: चार जणांचा वरणभात, उसळ आणि भाकरी करता येणे, पाकिटावरचा साखर-मिठाचा तक्ता वाचता येणे, आठवड्याच्या खाण्याचा खर्च मांडणे, आपले वजन आणि कमरेचा घेर स्वतः, खासगीत, मोजून नोंदवणे. परीक्षा लेखी घेऊ नये, स्वयंपाकघरात घ्यावी.

संस्थेच्या बाजूने पहिले काम मेस समितीचे आहे आणि ते मोजता येण्याजोगे आहे. बैठे काम असलेल्या प्रौढाला वरून घातलेले तेल दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम पुरते, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगत आली आहे. शंभर मुलांच्या मेसला २५ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला अडीच किलो, महिन्याला ७५ किलो तेल लागावे. म्हणजे १५ किलोचे पाच डबे. विद्यार्थ्यांच्या समितीने महिनाअखेरीला स्वयंपाकघरामागचे रिकामे डबे मोजावेत आणि तो आकडा सूचनाफलकावर लावावा. डबे नऊ निघाले तर पुढच्या महिन्यात ते आठ कसे करायचे याची चर्चा ठेकेदाराबरोबर, कंत्राट समोर ठेवून, करायची. कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यात रोजची एक मोड आलेली उसळ, रोजचे ताक, एका वेळच्या खाड्याचे पैसे परत आणि रविवारी रात्रीचे साधे जेवण ही चार कलमे घालावीत.